टोपीच्या जुन्या पिस्तुलाचं लॉक: उघडावं कसं, साफ करावं कसं आणि कुठे थांबावं

माळ्यावरच्या पेटीतून काढलेल्या पिस्तुलाबद्दल बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते. घोडा मागे ओढला की टिकत नाही, अंगठा सोडला की पुढे येतो. मग घरातलं कुणीतरी तेल सोडतं, दोनदा खटखट करून बघतं आणि ‘खराब झालंय’ म्हणून परत गुंडाळून ठेवतं. अशी बरीच लॉक, म्हणजे घोडा चढवून धरणारी आणि सोडणारी यंत्रं, मी उघडून पाहिली आहेत. त्यातली थोडीच खरोखर मोडलेली निघाली. बाकीची वर्षानुवर्षं ओतलेल्या तेलानं गुदमरली होती. ते तेल सुकून राळेसारखं घट्ट झालं होतं आणि त्यात लाकडाचा भुसा, धूळ आणि जुन्या दारूची काजळी चिकटून बसली होती.

हा लेख टोपीच्या पिस्तुलाबद्दल, म्हणजे ठासणीच्या पिस्तुलाबद्दल आहे. उदाहरणासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाचं पिस्तूल घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत त्या धाटणीचं पिस्तूल सापडू शकतं. लॉकच्या पट्टीवर मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह कोरलेला असेल आणि मागे १८४० च्या दशकातलं साल असेल, तर ते कंपनीचं समजायला हरकत नाही. त्याआधीच्या गारेच्या बंदुकांत घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड असे. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये आघातानं पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. पुढे असं मिश्रण भरलेली तांब्याची टोपी आली आणि १८४० च्या सुमारास लष्करांनी गारेला रजा दिली. आतलं यंत्र मात्र जवळपास तेच राहिलं. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे लॉक ओळखीचं वाटेल.

नावांचा घोळ आधी मिटवूया. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ म्हणतो आणि बोट मात्र खालच्या चापावर असतं. इथे घोडा म्हणजे वरचा, टोपीवर आदळणारा हातोडा, आणि चाप म्हणजे खालचा, बोटानं ओढायचा. आतल्या भागांना कारागीर इंग्रजी नावांनीच ओळखतात, म्हणून मीही तीच वापरतो.

आधी कायदा आणि नळी

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, अशा अवस्थेतलं असायला हवं. ‘शंभर वर्षं जुनं आहे, म्हणजे परवाना नको’ हा सरसकट समज चुकीचा आहे. तुमच्याकडे कागद नसतील तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. दुसरी गोष्ट, बंदुकीच्या दुरुस्तीलाही या कायद्यात परवाना लागतो. धूळ आणि सुकलेलं तेल काढणं हे मालकाचं काम. खाच नव्यानं घडवणं, स्प्रिंग बनवणं, भाग बदलणं हे परवानाधारक कारागिराचं. हा लेख पहिल्या कामापुरता आहे. दोष ओळखायला शिकाल, पण तो कानशीनं बरा करायला मी सांगणार नाही. परदेशातला कुणी नातेवाईक ‘आजोबांची आठवण’ म्हणून पिस्तूल सोबत न्यायचं म्हणत असेल, तर त्यालाही सांगा: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

आता नळी. ठासणीचं हत्यार भरलेलं आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि कोरडी राहिलेली दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटू शकते. निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडीवर, टोपी नाही ना हे आधी बघा. टोपी असेल तर तिला हात लावू नका. टोपी नसेल, तर नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून एक सरळ लाकडी काठी अलगद आत सोडा. ती टेकली की तोंडापाशी पेन्सिलीनं खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा, खूण नळीच्या तोंडाशी जुळवा. काठीचं दुसरं टोक निपलच्या जवळपास पोचलं तर नळी रिकामी. टोक बोट-दीड बोट आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे: गोळी-दारू असेल किंवा नुसता गंजाचा आणि कचऱ्याचा गोळा. ते काय आहे हे घरी ठरवायचं नाही. टोकरायचं नाही, तापवायचं नाही. पिस्तूल बाजूला ठेवा आणि पोलिसांना कळवा.

लॉक बाहेर काढणं

टेबलावर जाड पांढरा कपडा अंथरा. पांढरा अशासाठी, की ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू पडला तरी दिसतो. हातात पातळ हातमोजे घाला. घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे उठवतं, आणि जुन्या टोप्यांच्या मिश्रणात पारा असायचा, तो अंगाला नको. मोबाइलनं प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मी हट्टी आहे. बाजारातल्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाला निमुळतं असतं आणि जुन्या स्क्रूची खाच सरळ, अरुंद असते. निमुळतं पातं वर चढतं, सटकतं आणि खाचेचे कोपरे उडवतं. पातं खाचेच्या तळापर्यंत जाईल आणि रुंदीला अचूक भरेल असं घासून घ्या. दोन-तीन मापांची पाती तयार करायला एक संध्याकाळ जाते, पण ती संध्याकाळ वाचवू नका.

घोडा निपलवर टेकलेला असेल तर लॉक बाहेर येणार नाही. तो अर्धा चढवा, म्हणजे पहिल्या खटक्यावर आणा. पिस्तुलाच्या डाव्या बाजूला दोन लांब स्क्रू दिसतील. ते लाकडातून आरपार जाऊन उजवीकडच्या लॉकच्या पट्टीत बसलेले असतात. दोन्ही चार-पाच फेरे सैल करा, पण काढू नका. मग त्यांच्या डोक्यांवर लाकडी मोगरीनं आळीपाळीनं हलके टोले द्या. पट्टी सगळीकडून सारखी वर उचलली गेली पाहिजे. एका टोकाला पातं घालून उचकटलंत तर दीडशे वर्षांच्या लाकडाची कड कपचीसारखी उडते आणि ती पुन्हा तशी बसत नाही. पट्टी मोकळी झाली की स्क्रू पूर्ण काढा आणि लॉक हातात घ्या.

इथून पुढे एक पथ्य. लॉक लाकडाबाहेर असताना घोडा पुढे आदळू द्यायचा नाही. पिस्तुलावर त्याला अडवायला निपल असतं. बाहेर ते नसतं, त्यामुळे सगळा मार आतल्या टंबलरवर आणि ब्रायडलवर जातो आणि त्यातलं काहीतरी तडकतं.

आत काय दिसतं

पट्टी उलटी धरली की सगळं एका नजरेत दिसतं. मधला गोलसर तुकडा म्हणजे टंबलर. त्याचा दांडा पट्टीतून बाहेर जातो आणि त्यावर घोडा बसतो, म्हणजे घोडा हलला की टंबलर फिरतो. चिमट्यासारखी वाकलेली मोठी पाती म्हणजे मेनस्प्रिंग, ती टंबलरला सतत पुढे ओढत असते. टंबलरच्या कडेला दोन खाचा आहेत. सिअर नावाच्या छोट्या तरफेचं नाक या खाचांत अडकतं आणि टंबलरला थोपवतं. सिअरची शेपटी आडवी लाकडाच्या दिशेनं येते, आणि चाप ओढला की चापाची वरची पट्टी त्या शेपटीला उचलते. नाक खाचेतून सुटतं, मेनस्प्रिंगला वाट मिळते, घोडा आदळतो. सिअरला जागेवर दाबून ठेवणारी एक लहान स्प्रिंग असते, आणि टंबलर-सिअर यांना वरून पुलासारखा धरणारा तुकडा म्हणजे ब्रायडल.

दोन खाचांतला फरक डोळ्यांनी बघून घ्या, भिंग असेल तर उत्तम. अर्ध्या चढावाची खाच खोल आणि आकड्यासारखी ओठ असलेली असते. नाक तिच्यात इतकं आत बसतं, की चाप कितीही ओढला तरी सुटू नये. सैनिक टोपी बसवून पिस्तूल याच खाचेच्या भरवशावर म्यानात ठेवत असे. पूर्ण चढावाची खाच उथळ असते, तिची कड मात्र तीक्ष्ण. ही कड म्हणजे अख्ख्या यंत्राचा प्राण. ती केसभर घासली गेली तरी चापाचा स्वभाव बदलतो.

सुटं करण्याचा क्रम

पहिल्यांदा मेनस्प्रिंग. इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे स्प्रिंग दाबायचा खास शिकंजा नव्हता. साध्या पकडीनं पाती दाबली, पकड तिरकी बसली आणि स्प्रिंग वळणावर कट्‌ करून तुटली. परवानाधारक कारागिराकडून नवी करून घेतली, ती चालतेही छान, पण त्या पिस्तुलातली मूळ स्प्रिंग माझ्या हातून गेली ती गेलीच. मेनस्प्रिंगचा शिकंजा मिळाल्याशिवाय ही पायरी करू नका. तोवर लॉक अखंड ठेवूनही बरंच साफ करता येतं.

शिकंजा असेल तर घोडा पूर्ण चढवा. स्प्रिंग आता जास्तीत जास्त मिटलेली आहे. शिकंजा दोन्ही पात्यांवर सरळ बसवा आणि नुसता टेकेल इतकाच आवळा, आणखी दाबू नका. मग घोडा अंगठ्यानं घट्ट धरून सिअरची शेपटी दाबा आणि घोडा हळूहळू पुढे आणा. स्प्रिंग शिकंज्यात मिटलेलीच राहते आणि टंबलरवरचा ताण जातो. टंबलरला जोडलेल्या कडीतून तिचा आकडा सोडवा, पट्टीच्या भोकातली तिची खुंटी अलगद उचला. स्प्रिंग शिकंज्यासकट बाजूला ठेवा.

मग सिअरची स्प्रिंग. तिचा स्क्रू दोन फेरे सैल करा, पातळ पात्यानं तिची खुंटी पट्टीतून वर आणा आणि मगच स्क्रू काढा. उलट क्रमानं केलंत तर ती उडून कपाटाखाली जाते. त्यानंतर ब्रायडलचे स्क्रू, ब्रायडल, सिअर. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच्या जागी ठेवा. जाड पुठ्ठ्यावर लॉकचं चित्र काढून त्यात भोकं पाडली की काम भागतं. एकसारखे दिसणारे दोन स्क्रू एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही, ते हातानं जुळवलेले असतात. भिंगातून पाहिलंत तर काही लॉकांत स्क्रूच्या डोक्यावर आणि पट्टीवर जोडीच्या बारीक खुणा सापडतात. त्या सापडल्या की मला त्या अनामिक कारागिराशी ओळख झाल्यासारखं वाटतं.

घोडा टंबलरच्या चौकोनी दांड्यावर घट्ट ठोकलेला असतो. पहिल्या वेळी तो उतरवू नका, त्याशिवायही टंबलरची कड पूर्ण साफ होते. चुकीच्या टोल्यानं तो चौकोन सैल झाला की घोडा कायमचा डुगडुगतो.

साफसफाई

सुकलेलं तेल पाण्यात विरघळत नाही आणि दारूची काजळी तेलात विरघळत नाही, म्हणून दोन टप्पे करावे लागतात. सुटे भाग आधी रॉकेलमध्ये किंवा रंगाच्या टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातला दिवा लांब राहू द्या. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. खाचांत आणि कोपऱ्यांत बांबूची टोकदार काडी चालवा, सुई किंवा पात्याचं टोक नको. बांबू मळ काढतो आणि पोलादाला ओरखडा काढत नाही.

मग निपलजवळची पट्टी आणि घोड्याचं तोंड बघा. तिथे पांढुरका किंवा हिरवट थर असेल, तर ते टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे उरलेले क्षार असू शकतात. ते मिठासारखे हवेतलं पाणी ओढतात आणि तेलाखालीही लोखंड खात राहतात. सुटे लोखंडी भाग कोमट डिस्टिल्ड पाण्यात काही मिनिटं ठेवा, ब्रश फिरवा, लगेच पुसा आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेनं पूर्ण कोरडे करा. लाकडाला पाणी लागता कामा नये. घोडा उतरवला नसेल, तर पट्टी पाण्यात न बुडवता ओल्या बोळ्यानं पुसा आणि दांड्याच्या फटीत गरम हवा पोचू द्या.

गंज दोन प्रकारचा असतो. नारिंगी, बोटाला लागणारा गंज जिवंत आहे, तो काढायचा. गर्द तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला थर हे त्या लोखंडाचं वय आहे, आणि कधी तो मुद्दाम दिलेला रंगही असतो. त्याला हात लावू नका. जिवंत गंजावर तेलाचा थेंब टाकून एक दिवस मुरू द्या आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या (००००) नंबरच्या स्टील वूलनं हलकेच पुसा. सिंहाच्या कोरणीवर आणि सालावर तेही नको, तिथे नुसतं कापड. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश, ड्रिलला लावायचं बफ, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही या टेबलावर येऊ देऊ नका. दस्त्याच्या पितळी टोपीला लख्ख करायचा मोह सगळ्यांना होतो. ती काळसर आहे तशीच सुंदर आहे.

टंबलरच्या खाचा आणि सिअरचं नाक फक्त पुसायचं. पॉलिश पेपर नाही, कानस नाही, ‘थोडंसंच’ही नाही. त्या कडांचा कठीण थर पातळ असतो. तो घासला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, आणि आज गुळगुळीत वाटणारा चाप उद्या आपोआप सुटतो.

जोडताना उलटा क्रम. तेल शिलाई मशीनचं, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच: टंबलरच्या दांड्याला, सिअरच्या आसाला, कडीला आणि खाचांच्या कडेला. खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. माळ्यावरच्या अनेक लॉकांचा श्वास त्यानंच कोंडला आहे.

तरीही बिघाड राहिला तर

पूर्ण चढावावर घोडा टिकत नसेल तर पहिली परीक्षा लॉक लाकडाबाहेर असताना करा. घोडा अंगठ्यानं धरूनच चढवा. बाहेर टिकतो आणि लाकडात बसवल्यावर टिकत नाही, असं असेल तर लॉक निर्दोष आहे. दोष लाकडात किंवा चापात शोधा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सिअरच्या शेपटीला अडवतं. किंवा चाप गंजून वर अडकलेला असतो आणि शेपटीला सतत उचलून धरतो. दोन लांब स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळले तरी पट्टी आत ओढली जाऊन हेच होतं, म्हणून आधी ते पाव फेरा सैल करून बघा. एवढ्यानंच सुटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

बाहेरही टिकत नसेल तर सिअरची स्प्रिंग तपासा. शेपटी बोटानं उचलून सोडली की ती टणकन परत बसली पाहिजे. आळसावून बसत असेल तर स्प्रिंग मेलेली आहे, नाहीतर ब्रायडलचा स्क्रू जास्त आवळलेला आहे. स्प्रिंग चांगली असूनही नाक सटकत असेल तर खाचेची कड भिंगाखाली बघा. गोल झालेली कड प्रकाशात रेघेसारखी चमकते, तीक्ष्ण कड चमकत नाही. कड गोल असेल तर तुमचं काम संपलं, पुढचं कारागिराचं.

अर्ध्या चढावावर चाप ओढल्यावर घोडा सुटत असेल तर हा सगळ्यात गंभीर दोष. खाचेचा ओठ तुटलेला असतो किंवा नाकाचं टोक उडालेलं असतं. असं पिस्तूल चढवून ठेवू नका, मुलांच्या हातात देऊ नका, आणि सोबत तशी चिठ्ठी ठेवा.

घोडा पुढे येतो पण रेंगाळत येतो, अशा वेळी कुठेतरी घासतंय. ते शोधायला तेलाच्या दिव्याची काजळी पुरते. संशयित भागाला काजळी लावा, लॉक बसवा, घोडा अंगठ्यानं धरून दोनदा पुढे-मागे करा आणि पुन्हा उघडा. जिथली काजळी पुसली गेली तिथे घासतं. बऱ्याचदा मेनस्प्रिंगचं खालचं पातं लाकडाला टेकत असतं. लाकूड तासायला धावू नका. उन्हाळ्यात, लाकूड सुकल्यावर, पुन्हा पाहा.

चाप ढिला, खुळखुळत असेल तर घाबरू नका. अनेक लष्करी पिस्तुलांत चापाला स्वतःची स्प्रिंगच नसते, तो वजनानं लोंबतो.

आणि तपासताना निपलवर घोडा कधीच रिकामा आदळू देऊ नका. मध्ये जाड चामड्याचा तुकडा ठेवा आणि घोडा अंगठ्यानं उतरवा.

ठेवायचं कसं

पुसून झाल्यावर लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स यासाठीच वापरतात. ठेवताना घोडा खाली, निपलवर अलगद टेकवलेला, म्हणजे मेनस्प्रिंगवर कमीत कमी ताण राहतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि ओल लोखंडाला खातात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला.

घरात खंडेनवमीला शस्त्रपूजा होत असेल तर एवढं करा: ओलं हळदकुंकू आणि झेंडूची फुलं थेट लोखंडावर वाहू नका, पिस्तुलाखालच्या पाटावर वाहा. पूजा झाली की त्याच दिवशी कोरड्या कापडानं पुसून घ्या, लॉकच्या पट्टीच्या कडेला नारिंगी रेघ दिसते का बघा, आणि डब्यातल्या चिठ्ठीवर त्या वर्षाची तारीख लिहा.